द्रौपदीने अश्वत्थाम्याला का सोडले?

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगू लागतात, तेव्हा तेराव्या श्लोकाचा आरंभ द्वेषाच्या अभावाने होतो आणि शेवट क्षमेने होतो. नित्यपाठ करणाऱ्या गृहस्थाच्या मुखातून हा श्लोक किती सहज निघून जातो! परंतु ज्या घरातला मुलगा सकाळी धडधाकट बाहेर पडला आणि कोणा दोन पक्षांच्या वैरात, दंगलीत किंवा बाँबच्या स्फोटात सायंकाळपूर्वी मारला गेला, त्या घरी जाऊन त्याच्या मातेपुढे हा श्लोक म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल? आणि झालेच, तर ते योग्य ठरेल काय?

हा प्रश्न गीतेच्या उपासकाला टाळता येणार नाही. एकनाथमहाराजांच्या अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसाची आणि प्रत्येक वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्या कथेत नाथांची थोरवी निःसंशय आहे. परंतु अंगावर थुंकणे वेगळे आणि पोटचे पोर मारणे वेगळे. पहिल्यात अपमान आपला असतो व तो गिळण्याचा अधिकारही आपलाच असतो. दुसऱ्यात अपराध ज्याच्याविषयी घडला तो जीव बोलावयास उरलेला नसतो. त्याच्या वतीने क्षमा कोणी करावी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातील सातव्या अध्यायाजवळ थांबावे लागते. भारतीय युद्ध संपले आहे. दुर्योधन मांडी मोडून रणात पडला आहे. अशा वेळी द्रोणपुत्र अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरतो आणि द्रौपदीचे पाचही पुत्र झोपेतच मारतो. प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. ही नावे आपल्यापैकी कितीजणांना पाठ असतात? पांडवांची पाच नावे मुले शाळेत जाण्यापूर्वी शिकतात. त्यांच्या या पाच मुलांची नावे मात्र आईच्या आक्रोशाबरोबरच विरून गेली. अर्जुन तिचे अश्रू पुसण्यासाठी प्रतिज्ञा करतो, की त्या आततायीचे मस्तक आणून तुझ्यापुढे टाकीन. तो श्रीकृष्णासह रथातून पाठलाग करतो, ब्रह्मास्त्राला ब्रह्मास्त्राने उत्तर देतो, अश्वत्थाम्याला दोरीने पशूसारखा बांधतो आणि शिबिरात आणतो. वाटेत भगवंत त्याला सांगतात, की याला जिवंत ठेवू नकोस. निरपराध व निजलेल्या मुलांना याने मारले आहे. भागवतकार लगेच असेही सुचवितात, की हे बोलणे अर्जुनाच्या धर्मबुद्धीची परीक्षा पाहण्यासाठी होते.

आता द्रौपदीसमोर तो उभा आहे. मान खाली, हातपाय बांधलेले, आपल्या कर्माच्या लज्जेने तोंड वर करवत नाही असा. आणि ती म्हणते, सोडा त्याला.

तिने दिलेली कारणे नीट वाचली पाहिजेत. हा ब्राह्मण आहे, गुरुपुत्र आहे, असे ती प्रथम म्हणते. एवढ्यावरून कित्येक आधुनिक वाचक या प्रसंगाला जातीच्या पक्षपाताचे उदाहरण म्हणून बाजूला सारतात. मला ते घाईचे वाटते. अश्वत्थामा जन्माने ब्राह्मण असला तरी कर्माने त्या नावास अपात्र झाला आहे, हे श्रीकृष्णांनी अर्जुनाला अगोदरच सांगितले होते. तेव्हा केवळ जातीचा आधार तेथे टिकणारा नव्हता. दुसरे कारण ती देते ते कृतज्ञतेचे: ज्या द्रोणाने तुम्हांला सगळी धनुर्विद्या, तिच्या गुप्त रहस्यांसह दिली, तोच या मुलाच्या रूपाने येथे उभा आहे. आणि मग येते तिसरे कारण. याची आई गौतमी, म्हणजे कृपी, अजून जिवंत आहे. वीरपुत्र पाठीशी आहे म्हणूनच ती पतीमागे सती गेली नाही. मेलेल्या मुलांसाठी मी जशी सारखी रडते आहे, तशी तिने रडू नये.

या तिसऱ्या कारणाशी आपण पुष्कळ वेळ थांबावे असे आहे. द्रौपदी अश्वत्थाम्याचा अपराध लहान आहे असे म्हणत नाही. तो पश्चात्तापाने शुद्ध झाला आहे असेही म्हणत नाही. आपले दुःख ओसरले आहे असे तर मुळीच नाही. उलट त्या दुःखाचे पुरेपूर माप हातात असल्यामुळेच ती बोलते आहे. पुत्र गेल्यावर आईला काय होते, हे त्या शिबिरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असणारीला दुसऱ्या एका स्त्रीवर तेच ओढवणे अशक्य झाले. आपण समजतो, की क्षमा करण्यासाठी दुःख विसरावे लागते. येथे तर दुःखाची आठवणच क्षमेचे मूळ झाली आहे.

ती आई कोठली? दिल्लीच्या नैऋत्येस गुरुग्राम आहे. 2016 साली हरियाणा शासनाने गुडगांवचे नाव बदलून ते जुने नाव पुन्हा दिले. हे गाव गुरू द्रोणांना मिळालेले होते, अशी परंपरा आहे. तेथील शीतला मातेच्या मंदिरातील देवी ही द्रोणपत्नी कृपीच होय, असे स्थानिक श्रद्धाळू मानतात, आणि दूरदूरच्या माता आपल्या लेकरांचे जावळ काढण्यासाठी तेथे येतात. देवीच्या रोगापासून मुलांचे रक्षण करणारी म्हणून शीतलेची पूजा महाराष्ट्रातही घरोघर होत आली आहे. ज्या मातेचा मुलगा द्रौपदीने वाचविला, तीच पुढे सर्वांच्या मुलांची रक्षणकर्ती मानली गेली. इतिहास म्हणून याला कोणी पुरावा मागू नये; परंतु लोकांच्या मनाने नेमकी हीच सांगड घालावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. महाभारताच्या आदिपर्वात द्रोण आपली जुनी हकीकत भीष्मांना सांगतात. घरात गाय नव्हती. लहानगा अश्वत्थामा श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून रडू लागला, तेव्हा त्या मुलांनी पीठ कालवलेले पाणी त्याला पाजले, आणि तो पोर दूध मिळाले म्हणून आनंदाने नाचू लागला. ते पाहून पित्याचे काळीज तुटले व तो बालमित्र द्रुपदाकडे साहाय्य मागावयास गेला. द्रुपदाने मैत्री झिडकारली. त्या अपमानाचा सूड म्हणून द्रोणांनी शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणविले व अर्धे पांचाल घेतले. त्याचा सूड म्हणून द्रुपदाने यज्ञ केला, आणि त्या यज्ञातून द्रोणांचा वध करणारा धृष्टद्युम्न व त्याच्यामागून द्रौपदी प्रकट झाली. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणांनी द्रुपदाला मारले. त्याच दिवशी शस्त्र खाली ठेवून बसलेल्या द्रोणांचे मस्तक धृष्टद्युम्नाने उडविले. आणि त्या रात्रीच्या संहारात अश्वत्थाम्याने धृष्टद्युम्नाला निजेतच मारले, मग त्याच्या भाच्यांना. एका भुकेल्या मुलाच्या दुधापासून हे वैर निघाले आणि पाच मुलांच्या रक्तापर्यंत येऊन पोहोचले. प्रत्येकाला वाटत होते, की आपण फक्त उत्तर देत आहोत. पहिला घाव आपला, असे त्या साखळीत कोणीच मानीत नव्हते.

द्रौपदीचा जन्मच सूडाच्या अग्नीतून झालेला. पिता, भाऊ, पुत्र सर्व या एकाच वैरात गेले. तिच्या हातात साखळीची शेवटची कडी होती, आणि ती तिने पुढे जोडली नाही. कृपीला निपुत्रिक केले असते तर हा हिशेब पुरा झाला असता, असे ज्याला वाटते त्याने मागचे सर्व हिशेब कसे पुरे झाले ते पाहावे.

येथे जाणकार वाचक म्हणतील, की महाभारतात हा प्रसंग असा नाही. खरे आहे. सौप्तिकपर्वात द्रौपदी प्रायोपवेशनास बसते आणि त्या पाप्याचा वध करून त्याच्या मस्तकावरचा सहज मणी आणा, नाहीतर मी येथेच प्राण सोडीन, असे स्पष्ट म्हणते. भीम निघतो, आणि शेवटी मणी येतो, अश्वत्थामा जिवंत जातो. तो मणी हाती पडल्यावर ती म्हणते, की मला ऋणातून मोकळे व्हावयाचे होते, गुरुपुत्र मलाही गुरूच आहे. हा मणी राजाने मस्तकी धारण करावा. दोन ग्रंथांतील हे अंतर पुसून टाकण्याचा प्रयत्न मी करणार नाही. संतापाने अन्न सोडणारी माता आणि सोडा म्हणणारी माता, या दोघी एकाच स्त्रीच्या अंतरात राहू शकतात, हे ज्याने पुत्रशोक जवळून पाहिला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. एका दिवसात त्या दोघी दहादा एकमेकींची जागा घेतात.

शिवाय द्रौपदी ही भोळ्या क्षमेची पुरस्कर्ती कधीच नव्हती. वनपर्वात द्वैतवनात तिने धर्मराजाशी याच विषयावर वाद घातला आहे. प्रल्हादाने बळीला केलेला उपदेश ती तेथे सांगते: नेहमीच क्षमा करणाऱ्याला त्याचे नोकरदेखील जुमानीत नाहीत, नेहमीच उग्र असणाऱ्याचा सर्वजण द्वेष करतात, म्हणून काळवेळ ओळखावी, ज्याने पूर्वी उपकार केले आहेत त्याला, अजाणता चुकलेल्याला क्षमा करावी, जाणूनबुजून घात करणाऱ्याला करू नये. या कसोटीवर अश्वत्थाम्याचे कृत्य कोठे बसते? अजाणतेपणाचे तर ते नव्हतेच. मात्र पूर्वोपकाराचा आधार तिने शोधला, आणि तो त्याच्या पित्याच्या विद्यादानात तिला सापडला. म्हणजे क्षमा करतानाही तिने आपली बुद्धी गहाण टाकली नाही. शोकाच्या त्या क्षणी, पाच प्रेते समोर असताना, ती विचार करीत होती. दैवी संपत्तीचा अर्थ भावनेचा उमाळा असा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

क्षमा म्हणजे शिक्षेचा अभाव काय? भागवताचे उत्तर नकारार्थी आहे. धर्मराज, नकुल, सहदेव, सात्यकी, सर्वांनी द्रौपदीचे म्हणणे मान्य केले. एकटा भीम म्हणाला, की याचा वधच याच्या हिताचा. भगवंतांनी भीमाला गप्प केले नाही. आततायीला मारावे आणि ब्राह्मणाला मारू नये, ही दोन्ही वचने माझीच आहेत, असे सांगून त्यांनी निवाडा अर्जुनावर टाकला. अर्जुनाने तलवारीने केसांसह तो मणी छाटून काढला आणि निस्तेज झालेल्या अश्वत्थाम्याला शिबिराबाहेर हाकलून दिले. तेज गेले, मान गेला, स्थान गेले, प्राण राहिले. दंड देणाऱ्याने दंड दिला, परंतु तो आईच्या नावाने दिला नाही.

आणि यापुढे जे घडले ते तर क्षमेच्या पुरस्कर्त्याला फार अडचणीचे आहे. आठव्या अध्यायात त्याच अश्वत्थाम्याचे ब्रह्मास्त्र अभिमन्यूची विधवा उत्तरा हिच्या गर्भावर येते. पांडवांचा वंश मुळासकट नाहीसा करावा हा त्याचा हेतू. सोडून दिलेला माणूस उलटून पुन्हा एका मुलावर, न जन्मलेल्या मुलावर, धावला! मग द्रौपदी चुकली काय? कोणी असे विचारील तर मी इतकेच म्हणेन, की आपल्या क्षमेने अश्वत्थामा सुधारेल असे वचन तिने कोणालाही दिले नव्हते. तिने केलेली गोष्ट तिच्या अधिकारातली होती: आपल्या दुःखाच्या बदल्यात दुसऱ्या आईचे दुःख मागावयाचे नाही. गर्भाचे रक्षण ही निराळी गोष्ट, आणि ती भगवंतांनी चक्र घेऊन केली. क्षमा केली म्हणून पहारा उठवावा, असे भागवत कोठेही सुचवीत नाही.

हे सर्व द्वापरातले झाले, असे म्हणून सुटका नाही. दिल्लीतच 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. लाल किल्ल्यात खटला चालला आणि नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना देहान्ताची शिक्षा झाली. तेव्हा गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनी त्या दोघांना फाशी देऊ नये अशी विनंती केली. शासनाने ती मानली नाही, आणि 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात शिक्षा अंमलात आली. शासनाने ती मानावयास हवी होती की नव्हती, हा वाद येथे नको. आपल्या महाराष्ट्राला मात्र त्यातली एक गोष्ट फार जवळून लागते. मारेकरी पुण्याचे होते म्हणून त्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ज्यांचा त्या कृत्याशी काडीचा संबंध नव्हता अशा कुटुंबांची घरे केवळ जातीवरून जाळली गेली. ज्यांचा पिता गेला त्यांनी मारेकऱ्यांचे प्राण मागून घेतले, आणि ज्यांच्या घरातले कोणीच गेले नव्हते त्यांनी सूड घेतला. राजकीय हिंसेत हे असेच घडते. शोक एकाचा असतो आणि क्रोध भलत्याच लोकांच्या हातात जाऊन पडतो.

ओडिशातील मनोहरपूर गावी 1999 च्या जानेवारीत कुष्ठसेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे, फिलिप व टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळून मारले. त्या मुलांच्या आईने, ग्लॅडिस स्टेन्स यांनी, मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि पुढील कित्येक वर्षे बारीपद्याला राहून कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. 2005 साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. झोपलेली मुले, रात्र, आणि धर्माचे नाव घेणारे मारेकरी! सौप्तिकपर्व वाचणाऱ्या माणसाला येथे अश्वत्थामा ओळखता आला पाहिजे, तो आपल्याच देवाचा जयजयकार करीत आला असला तरी. ती बाई आपल्या धर्माची नव्हती. द्रौपदीने जे केले ते तिने केले.

आता उलट बाजू. 1984 च्या नोव्हेंबरात इंदिराजींच्या हत्येनंतर दिल्लीत शीख बांधवांची जी कत्तल झाली, तीत शासकीय आकड्याप्रमाणे 2,733 माणसे मारली गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या कित्येक स्त्रियांना पश्चिम दिल्लीत टिळक विहार येथे वसविण्यात आले. त्या वस्तीचे नावच विधवा कॉलनी पडले. त्यातल्या कित्येकींचे पतीही गेले आणि मुलगेही. एका मोठ्या पुढाऱ्याला उच्च न्यायालयाकडून जन्मठेप झाली ती 2018 च्या डिसेंबरात, म्हणजे चौतीस वर्षांनी. या मातांना मधल्या काळात कितीजणांनी सांगितले असेल, की झाले गेले विसरा, क्षमा करा. परंतु द्रौपदीने क्षमा केव्हा केली? अपराधी बांधून तिच्यासमोर आणला गेला, त्याची मान खाली गेलेली होती, त्याचा अपराध सर्वांसमक्ष उच्चारला गेला होता आणि त्याचे जीवित तिच्या शब्दावर होते, तेव्हा. टिळक विहारच्या दारात चौतीस वर्षे कोणीही मान खाली घालून उभे राहिले नाही. जिच्या हाती काहीच दिलेले नाही तिने सोडून तरी काय द्यावे? अशा स्थितीत क्षमेचा उपदेश करणे म्हणजे अपराध्याची सोय पाहणे होय, आणि त्याला गीतेचा आधार देणे तर त्याहून वाईट.

म्हणून गांधारीही विसरता येत नाही. शंभर पुत्र गमावलेली ती साध्वी स्त्रीपर्वात भीमाला विचारते, की म्हाताऱ्या आईबापांसाठी एकतरी मुलगा ठेवला असतास. आणि अखेर ती प्रत्यक्ष भगवंतांना शाप देते, की छत्तिसाव्या वर्षी तुझ्याही कुळाचा असाच नाश होईल. श्रीकृष्णांनी तो शाप स्मितपूर्वक स्वीकारला. तिला त्यांनी तिचा स्वतःचा अपराध सुनावला, परंतु तू क्षमा कर असे म्हटले नाही. जी माता क्षमा करू शकली नाही तिच्या वाट्याला भगवंतांकडून तिरस्कार आला नाही, ही गोष्ट सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी. ज्ञानेश्वरमाउलींनी सोळाव्या अध्यायात क्षमेचे जे वर्णन केले आहे, त्यात शरीर अंगावरचे रोम वाहते पण आपण काही वाहतो आहोत हे त्याला ठाऊकच नसते, असा दृष्टांत दिला आहे. जी सोसणाऱ्यालाही कळत नाही, ती क्षमा बाहेरून सांगून अंगी आणता येईल हे संभवत नाही.

स्त्रीपर्वात या दोन्ही माता एकदा समोरासमोर येतात. जमिनीवर पडून रडणाऱ्या द्रौपदीला कुंती उठविते व गांधारीकडे घेऊन जाते. जिच्या पुत्रांनी तिला सभेत ओढून आणले होते, तीच ही गांधारी. मुली, जशी तू तशीच मी, मग माझे सांत्वन कोणी करावे, अशा अर्थाचे ती बोलली. इकडे भागवतातही, अश्वत्थाम्याला घालवून दिल्यानंतर द्रौपदीचे रडे थांबले असे लिहिलेले नाही. पुत्रशोकाने व्याकूळ झालेले पांडव तिच्यासह मृतांच्या उत्तरक्रियेला लागले, आणि पाणी मागणाऱ्या आपल्या मृतांना तिलांजली देण्यासाठी स्त्रियांना पुढे करून सर्वजण गंगेवर गेले.